अण्णांचा गुलाब दिंडोरीला नेला

नर्सरीत गुलाबाचं चांगलं कलम शंभर-दीडशे रुपयांना मिळतं. माहेरच्या अंगणातलं वडिलांचं जुनं गुलाबाचं झाड मुळासकट उचलून सासरी दिंडोरीला न्यायचं ठरवलं, तेव्हा मागच्या दिवाळीच्या सुमारास हे वाक्य मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं आणि पिकअपचं भाडं ठरवताना ड्रायव्हरच्या तोंडूनही ऐकलं. हिशेबाने ते बरोबरच होतं. भाडं, दोन गड्यांची मजुरी, शेणखत, निंबोळी पेंड असं सगळं धरलं तर तेवढ्या पैशांत घरापुढे वीस-पंचवीस गुलाब लावून झाले असते.

पण नर्सरीत हा गुलाब मिळत नाही. तिथे ‘लाल गुलाब द्या’ म्हटलं की पुढे येतं ते बहुतेक वेळा कुंडीत झुबक्याने फुलणारं काहीतरी असतं. फुलं पुष्कळ, वास नावाला. तसं बघितलं तर आमच्या दिंडोरी तालुक्यात गुलाबांना तोटा नाही. जानोरीकडे पॉलिहाऊसमध्ये डच गुलाब पिकतो आणि फेब्रुवारीत खोक्यांत भरून बाहेर जातो. दांडी लांब, पाकळी जाड, फूल टिकाऊ. नाकाशी नेलं की कोरी वही हुंगल्यासारखं वाटतं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याला प्रवासासाठीच घडवलंय.

माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, गुलाब ‘क्रिमसन ग्लोरी’. जर्मनीतल्या विल्हेल्म कॉर्डेस यांनी १९३५ साली आणलेली ही जात. गडद किरमिजी रंग, मखमली पाकळी आणि वास असा की सकाळी फाटक उघडणाऱ्याला न बघता कळावं, आज उमललंय. दोष विचाराल तर भरपूर. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, सगळ्यात आधी हिच्यावर येते. कडक उन्हात फूल जांभळट पडतं. आणि मान नाजूक, पूर्ण उमललं की फूल जमिनीकडे बघतं. अण्णा ते हौसेने पुष्पप्रदर्शनात न्यायचे, पण परीक्षकांना मान ताठ लागते. बक्षीस मिळालं ते नेहमी त्यांच्या दुसऱ्याच कुठल्यातरी गुलाबाला.

दादाचं, माझ्या भावाचं, म्हणणं की हा ‘क्रिमसन ग्लोरी’ नव्हेच, ‘पापा मेयाँ’ आहे. तो फ्रेंच, १९६३ चा, तोही काळपट लाल आणि भरपूर वासाचा. पत्र्याची पाटी कधीच गंजून गेली, त्यामुळे पुरावा नाही. पण ‘पापा मेयाँ’ सरळ ताठ वाढतो आणि आमचं झाड पहिल्यापासून पसरट, शिवाय ती झुकलेली मान. गंमत म्हणजे ‘पापा मेयाँ’च्या आईच्या आईचा बाप ‘क्रिमसन ग्लोरी’च. म्हणजे वाद झालाच तर एका घराण्यातला.

अण्णा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. बाहेरगावच्यांसाठी सांगते, प्रेस म्हणजे वर्तमानपत्राची नव्हे, नोटा आणि तिकिटं छापणारी सरकारी. १९८७ मध्ये त्यांनी जेल रोडला घर बांधलं आणि त्याच वर्षी फाटकाच्या डाव्या अंगाला, कंपाउंडच्या भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर हा गुलाब लावला. गुलाब दहा-पंधरा वर्षांनी काढून नवा लावावा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ह्याचं बूड माझ्या मनगटापेक्षा जाड झालंय आणि तरी दर हिवाळ्यात बुडातून नवी काठी येते. येते आहे तोवर काढायचं कशाला?

मागच्या वर्षी शेजारचे दोन प्लॉट आणि आमचा मिळून एकत्र रिडेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं. डिसेंबरअखेर जागा मोकळी करून द्यायची होती. आई, दादा आणि वहिनी तोवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार होते. मी आईला विचारलं, गुलाब नेऊ का? मला वाटलं होतं तिचे डोळे भरून येतील. ती म्हणाली, “ने बाई. माझी पातळं फाडण्यापलीकडे त्याने मला काही दिलं नाही. प्रदर्शन, प्रदर्शन करत अण्णांनी देवाला कधी एक फूल तोडू दिलं नाही.”

तर अशी परवानगी मिळाली.

विलायती पुस्तकांत गुलाब हलवण्याचं गणित सोपं असतं. हिवाळ्यात झाड पानं टाकून झोपी गेलं की उचला, दुसरीकडे लावा, वसंतात ते जागं होईल. आपल्याकडे गुलाब झोपतच नाही. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो, बागांत शेकोट्या पेटतात, तरी गुलाबावर पानं असतात आणि कळ्याही असतात. उलट तोच त्याचा खरा बहर. म्हणजे आपण जागं झाड उचलणार, हे धरूनच चालायचं.

जाग्या झाडाची अडचण पाण्याची. पानं दिवसभर पाणी उडवत असतात. ते पाणी ओढणारी बारीक पांढरी मुळी जुन्या झाडाच्या बुडाशी नसतेच, ती दोन-तीन फूट लांब, जाड मुळ्यांच्या टोकाला असते. बुडाशी असतात त्या लाकडासारख्या मुळ्या, झाड धरून ठेवणाऱ्या. सरळ गेलं आणि खणलं, तर आपल्या हातात खुंटा येतो आणि पाणी पिणारी मुळी जुन्या जागेतच राहते. वर पानं मात्र सगळी शाबूत. चार दिवसांत झाड माना टाकतं आणि आपण म्हणतो, जागा मानवली नाही.

आमच्या सासरी हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. घरची द्राक्षबाग आहे. द्राक्षवेलही थंड मुलखात हिवाळ्यात झोपते आणि आपल्याकडे झोपत नाही, म्हणून तर एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. पांढरी मुळी चालली का, हा तर इथला रोजचा प्रश्न. भाऊजींनी लगेच सल्ला दिला, “वहिनी, डाळिंबाला देतात तसा ताण द्या. पाणी तोडा, पानं आपोआप गळतील, मग उचला.” विचार वाईट नव्हता. जुने माळीही गुलाबाचं पाणी तोडून मुळ्या उघड्या करायचे आणि मग छाटायचे. पण ते झाड जागच्या जागी राहणार असायचं. ताणाने पानं गळतात, तशी उरलीसुरली पांढरी मुळीही सुकते, आणि मला तर उचलण्याआधी नवी मुळी बुडाजवळ फुटून हवी होती. मी पाणी तोडलं नाही.

त्याऐवजी आधी मुळ्या तोडल्या, त्याही निम्म्या. ऑक्टोबर सरत आला होता, पाऊस थांबून जमीन वाफशावर आली होती. जेल रोडची माती काळी. ओली असताना फावड्याला चिकटून बसते, वाळली की पहारीला दाद देत नाही. मधले वाफशाचे दिवस साधले तरच काम होतं. बुडापासून पाऊण फूट अंतरावर, रस्त्याच्या बाजूने अर्धगोल चर खणला, सव्वा फूट खोल. आडव्या आलेल्या मुळ्या कुदळीने ठेचू दिल्या नाहीत, प्रत्येक टोक सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, स्वच्छ कापलं. ठेचलेलं टोक कुजतं, कापलेल्या टोकामागून झुबक्याने नवी मुळी फुटते. चरात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जुनं शेणखत आणि थोडी वाळू असं मिश्रण भरलं आणि तेवढाच पट्टा ओलसर ठेवायचं काम वहिनीकडे दिलं. वरून साधारण तिसरा हिस्सा फांद्या कमी केल्या, कळ्या सगळ्या खुडल्या.

दुसऱ्या बाजूचा अर्धगोल तीनेक आठवड्यांनी. एकदम सगळा गोल कापला असता तर ऑक्टोबरच्या उन्हात झाडाने तग धरला नसता. निम्मी मुळं झाडाला पाजत राहतात, तोवर उरलेली निम्मी नव्याने फुटतात, मग पाळी बदलते. हे सगळं ज्या दिवशी झाड उचललं त्या दिवसापेक्षा महत्त्वाचं होतं असं माझं मत आहे. कुणी विचारायला आलं की मला पहिल्यांदा उचलण्याचाच दिवस विचारतात.

दुसरा चर भिंतीच्या बाजूचा. तिथे खणताना घर बांधल्यापासून पुरलेला राडारोडा निघाला: विटांचे तुकडे, जुना चुना, प्लॅस्टरची खपली. आम्हा दोघा भावंडांना एकदमच उलगडा झाला. ह्या झाडाची भिंतीकडची पानं कायम पिवळी असायची, शिरा तेवढ्या हिरव्या. अण्णा दर पावसाळ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, विरघळवून घालायचे, महिनाभर पानं हिरवी व्हायची, पुन्हा पिवळी. गुलाबाला किंचित आम्ल माती मानवते. चुन्याच्या मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. अण्णांचं निदान बरोबर होतं, उपायही बरोबर होता, फक्त ते जे हिराकस घालत होते ते हा पुरलेला चुना वर्षानुवर्षं गिळत होता.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट निघाली. हे, म्हणजे आमचे यजमान, बुडाशी बसून हाताने माती सारत होते. द्राक्षवाल्यांची नजर आधी कलमाच्या जोडावर जाते, कारण बागेत डॉगरिज नावाच्या रानद्राक्षाच्या खुंटावर कलम असतं आणि खुंटाची फूट दिसली की काढावी लागते. ते म्हणाले, “ही काठी जोडाच्या खालून आलीय.” बघितलं तर खरंच. सगळ्यात जोमदार, सरळ, फिकट हिरवी काठी, जिचं दादाला फार कौतुक होतं, ती रानगुलाबाची होती. सात पानांचा फुटवा जंगली आणि पाच पानांचा असली, असं जे सर्रास सांगतात त्यावर विसंबू नका, चांगल्या कलमी गुलाबांनाही सात पानं येतात. इथे खूण वेगळी होती. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन बाजूंना ज्या बारीक पट्ट्या असतात, त्या झालर लावल्यासारख्या कातरलेल्या. ही मल्टिफ्लोरा या रानगुलाबाची ओळख. आपल्याकडे कलमाला खुंट म्हणून तो वापरतात. असा फुटवा कापायचा नाही, मुळाशी जिथून निघालाय तिथून खाली ओढून फाडून काढायचा. कापला तर बुडाशी राहिलेले डोळे पुन्हा फुटतात. दादाला वाईट वाटलं, पण काढला.

इकडे दिंडोरीत खड्डा ऑक्टोबरातच करून ठेवला होता. अडीच फूट लांब-रुंद, दोन फूट खोल. खरं तर खड्डे मेमध्ये तापवायचे असतात, पण ऑक्टोबरचं ऊनही काही कमी नसतं. जागा घराच्या उगवतीला, सकाळपासून दुपारपर्यंत ऊन, आंब्याच्या मुळांपासून लांब, आणि आधी कधी गुलाब नसलेली. गुलाबाच्या जागी गुलाब लावला की नवा मनासारखा वाढत नाही, हा अनुभव जुना आहे. आमची जमीन मुरमाड, निचऱ्याची, पण हावरी, पाणी आणि खत दोन्ही खाली सोडून देते. म्हणून खड्ड्यात मातीच्या जोडीला चांगलं कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड आणि ओंजळभर सुपर फॉस्फेट. शेणखत ‘चांगलं कुजलेलं’ म्हणजे ज्याला शेणाचा वास येत नाही असं. कच्च्या खतातून हुमणीची अळी येते आणि ती ज्या आवडीने नवी मुळी खाते, ती बघितली की माणूस पुन्हा कच्चं खत हातात घेत नाही. आम्ही खत चाळून, उन्हात पसरून मगच भरलं.

बागेच्या ओळीच्या टोकाला लावा, असं भाऊजींचं म्हणणं होतं. फ्रान्समध्ये द्राक्षांच्या ओळींच्या टोकाला गुलाब लावायची जुनी रीत आहे, भुरी आधी गुलाबावर दिसते आणि बागवान सावध होतो म्हणून. दोन्हींची भुरीची बुरशी वेगवेगळी, एकीची दुसरीवर जात नाही, पण दोघींना हवा मात्र एकसारखीच आवडते. शिवाय आमची ही जात तर भुरीची हक्काची गिऱ्हाईक. मी नाही म्हटलं ते फवारणीमुळे. बागेत ट्रॅक्टरच्या ब्लोअरने वर्षभर काय काय उडतं ते मला माहीत आहे, आणि मला ह्या गुलाबाचा गुलकंद नाही तरी निदान पाकळी तोंडात टाकता यायला हवी.

उचलायचा दिवस डिसेंबरच्या सुरुवातीचा धरला. द्राक्षाच्या घरात डिसेंबर म्हणजे डीपिंग (घड औषधात बुडवणं) आणि विरळणीची धांदल. मजूर एकेका दिवसाच्या बोलीवर, आणि तिथून दोन माणसं एका गुलाबासाठी काढायची म्हणजे घरात बऱ्यापैकी बोलणी खावी लागतात. आदल्या आठवड्यात जाऊन झाड जोरात छाटलं. चांगल्या पाच काठ्या ठेवल्या, प्रत्येक दीड फुटाच्या आत, बाहेरच्या अंगाच्या डोळ्यावर पाव इंच राखून तिरका काप. जुनं, करडं, सालपटं निघालेलं लाकूड बुडातून करवतीने काढलं. उरलेली पानं हाताने खुडून टाकली. नागवं झाड बघून वहिनी म्हणाली, “आता नेण्यासारखं राहिलंय काय?”

कापांवर बोर्डो पेस्ट लावली. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी असं आमच्याकडे बागेसाठी बनतंच, त्यातली वाटीभर नेली होती. हळदपाणी, शेण, मेण, काही लोक नेलपॉलिशसुद्धा लावतात. मोठ्या कापांसाठी बोर्डोइतका माझा दुसऱ्या कशावर विश्वास नाही.

दोन दिवस आधी भरपूर पाणी देऊन ठेवलं होतं, म्हणजे उचलताना पुन्हा वाफसा. चराच्या बाहेरच्या कडेने खणत गेलो. कोकोपीटचा पट्टा उघडा पडला तेव्हा ह्यांनी मला हाक मारली. ऑक्टोबरात जिथे कापलेली लाकडी टोकं होती, तिथे पांढऱ्या मुळ्यांचं जाळं झालं होतं, दोऱ्यासारखं बारीक आणि दाट. भिंतीकडच्या, नंतर कापलेल्या बाजूला त्यामानाने कमी होतं, पण होतं.

मग पहारी तिरक्या घालून खालून सोडवायला घेतलं. एक मूळ, अंगठ्यापेक्षा जाड, थेट कंपाउंडच्या पायाखाली गेलेलं निघालं. ते करवतीनेच तोडावं लागलं. गड्याने सवयीने बुडाला धरून हिसका द्यायला हात घातला, तो मी वेळेत थांबवला. खोडाला धरून ओढलं की मातीचा गड्डा फुटतो, मुळं हवेत येतात आणि केलेलं सगळं पाण्यात. गड्डा एका बाजूला कलता करायचा, खाली निम्मं गुंडाळलेलं ओलं गोणपाट सरकवायचं, दुसऱ्या बाजूला कलता करायचा, गोणपाट पलीकडून ओढून घ्यायचं, आणि सुतळीने आवळून बांधायचं. दीड फूट रुंद आणि सव्वा फूट खोल मातीचं वजन किती होईल, हे माझ्या भाचीने मोबाइलवर काढून सांगितलं, शंभर किलोच्या आसपास. चौघांनी गोणपाटाचे कोपरे धरून उचलला आणि फळीवरून पिकअपमध्ये सरकवला. आई खुर्ची टाकून बघत होती. “अण्णांनी पिशवीतून आणला होता,” एवढंच म्हणाली.

नाशिकरोडहून आमचं गाव पस्तीसेक किलोमीटर. झाड आडवं करून, गड्डा आणि काठ्या दोन्ही ओल्या गोणपाटात झाकून, वर ताडपत्री. उघड्या गाडीत वाऱ्याने जेवढं पाणी सुकतं तेवढं उन्हानेही सुकत नसेल. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखे अडकलो, म्हसरूळच्या पुढे रस्ता मोकळा झाला, ढकांबं मागे पडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. तेच हवं होतं. लावणी संध्याकाळीच करायची, म्हणजे झाडाला पहिली रात्र गारव्याची मिळते.

लावण्यात विशेष काही नाही. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून उंची बघितली, कलमाचा जोड जमिनीच्या दोन बोटं वर राहील अशी. गोणपाट बाजूंनी कापून काढलं, तळाचं तसंच राहू दिलं, ते कुजून जातं. पोकळ जागांत माती हाताने सारली आणि पाण्यानेच बसू दिली. पायाने तुडवायचं नाही. आपल्याकडे झाड लावलं की भोवती फेर धरून माती तुडवायची फार हौस असते, त्यात नवी मुळी तुटते. आळं केलं, वर उसाचं पाचट पसरलं. बागेच्या लॅटरलमधून, म्हणजे ठिबकच्या नळीतून, पाणी दिलं नाही, कारण त्यातून खतंही जातात. वेगळी नळी ओढून एक ड्रिपर लावला. दुपारपुरती शेडनेट बांधली, ती काही दिवसांनी काढली.

त्यानंतर काहीही करायचं नसतं, आणि हे फार अवघड असतं. शेजारचे काका ह्युमिक घेऊन आले, कुणी सीवीड सुचवलं, कुणी १९:१९:१९ चा डोस. सगळ्यांना चहा दिला. कापलेल्या मुळांना खत चालत नाही, ती आधी जखम भरतात. पाणीसुद्धा बोट घालून बघून, वरचा दोन बोटं थर सुकला असेल तरच. झाड सुकलं म्हणून पाणी वाढवतात आणि मुळं कुजवतात, असे गुलाब मी बरेच बघितलेत.

काही दिवसांत डोळे फुगून गुलाबी झाले, लालसर कोंब निघाले. घरात आनंदीआनंद. दादाला फोटो गेले. मला त्या फुटीचं काही वाटलं नाही, कारण पहिली फूट काठीत साठवलेल्या अन्नावर येते. मूळ नसलेली, पाण्याच्या ग्लासात ठेवलेली काडीसुद्धा फुटते. मुळांनी पाणी ओढायला सुरुवात केली की नाही, हे ती फूट हातभर वाढेपर्यंत टिकते का आणि तिच्यामागून दुसरी येते का, यावर कळतं. जानेवारीच्या थंडीत सगळं जागच्या जागी थबकलं. पाचपैकी एक काठी वरून काळी पडत खाली यायला लागली. हा डायबॅक. काळ्याच्या खाली, आत पांढरं लाकूड लागेपर्यंत कापत गेलो आणि शेवटी ती बुडातूनच काढावी लागली. नखाने साल खरवडून बाकीच्या चार बघितल्या, हिरव्या होत्या. फेब्रुवारीत थंडी सरली आणि दुसरी फूट आली. पानं मोठी, तकतकीत, आणि सगळी हिरवी. हिराकस न घालता त्या झाडावर सगळ्या बाजूंनी हिरवी पानं मी पहिल्यांदा बघत होते. तेव्हा मी दादाला स्वतः फोन केला.

कळ्या मात्र मटाराएवढ्या झाल्या की खुडत होते. मार्च सरताना एक राहू दिली. आई तेव्हा आमच्याकडे आली होती. तिने ते फूल तोडलं, देवाला वाहिलं आणि म्हणाली, “वास तोच आहे. मान पण तशीच आहे.”

विमा म्हणून आणखी एक काम करून ठेवलं. डिसेंबरात छाटलेल्या काठ्या ओल्या कापडात गुंडाळून लगेच ओळखीच्या एका माळ्याकडे दिल्या होत्या आणि त्याने मल्टिफ्लोराच्या खुंटांवर डोळे भरले. खुंटाच्या सालीला इंग्रजी टीच्या आकाराचा काप, आत ढालीच्या आकाराचा डोळा सरकवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी. काही डोळे वाळले, काही लागले. जात वाचवायची एवढंच मनात असेल तर डोळे भरणं हाच शहाणपणाचा मार्ग, आणि मला ज्यांनी ‘कशाला खटाटोप’ म्हणून विचारलं त्यातल्या निम्म्यांना मी हेच सांगेन. गावठी गुलाब असेल तर त्याहून सोपं, पावसाळ्यात काड्या खोचा, तो स्वतःच्या मुळावर मजेत वाढतो. ‘ग्लॅडिएटर’सारखा नर्सरीत सहज मिळणारा असेल तर हलवू नका, नवा घ्या. जुनं झाड हलवायचं ते जात दुर्मीळ असेल, बूड निरोगी असेल आणि हातात किमान दीड-दोन महिने असतील तरच. उद्या जेसीबी येणार आणि आज आठवण झाली, तर फक्त काठ्या कापून आणा.

आता जून आलाय. तालुक्यात सगळे गुलाबवाले पावसाच्या तोंडावर छाटतात, आणि भाऊजींनी कात्रीला धार लावून ठेवली आहे. मी म्हणते यंदा छाटायचं नाही. मुळांना अजून वरून अन्न हवंय, आणि ते पानांतूनच उतरतं. वाळलेली टोकं काढा, पसरलेल्या दोन फांद्यांना काठीचा आधार द्या, भुरीवर लक्ष ठेवा, बाकी ऑक्टोबरात बघू. दादाने एक भरलेलं कलम नव्या इमारतीच्या गच्चीसाठी मागितलंय. चौदा इंची कुंडी आणि माती तयार ठेव असं मी त्याला सांगितलंय. अजून त्याने कुंडी घेतलेली नाही.